अन्न अंगी लागतं तेव्हा

बेंगळुरूत ओळखीची दोन माणसं भेटली की विचारपूस 'ऊटा आय्ता?' या दोन शब्दांनी सुरू होते. जेवण झालं का? सकाळी भेटलात तर ऊटाच्या जागी 'तिंडी', म्हणजे न्याहारी येते, एवढाच फरक. आपल्या 'जेवलीस का गं?'चं हे सख्खं भावंड. वॉचमन विचारतो, शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसातली मैत्रीण विचारते, पीजीची मालकीण तर रोज विचारते. प्रश्नात माया असते आणि उत्तराची फारशी वाट कोणी पाहत नाही. पण जिला जेवणाचीच भीती बसली आहे, तिला या मायेला दिवसातून आठ-दहा वेळा खोटं उत्तर द्यावं लागतं. 'आय्तु.' झालं.

मग कधीतरी घरच्यांना कळतं, उपचार सुरू होतात आणि ती खरंच जेवू लागते. तीन-चार महिन्यांनी तीच माणसं तितक्याच मायेनं दुसरं एक वाक्य बोलतात. कन्नडमध्ये 'दप्प आगिद्दीया', जाड झालीस. मराठीत 'बेंगळुरू मानवलं हं तुला!' बोलणारा लिफ्टमधून बाहेर पडेपर्यंत ते विसरलेलाही असतो. ऐकणारीचं त्या रात्रीचं जेवण मात्र ताटातच राहतं.

हे प्रकरण त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. खाण्याच्या विकारातून बाहेर पडताना वजन का वाढतं, ते असं वेडंवाकडं का वाढतं आणि ते सोसणं इतकं अवघड का असतं, हे त्यात पाहायचं आहे. एक गोष्ट आधी सांगायला हवी. आजारी माणसं किती उष्मांक खात होती, किती किलोंवर आली होती, हे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. या आजारात असे आकडे गाठायचं लक्ष्य होऊन बसतात. वाचणाऱ्यांत अशी एखादी असेल, हे धरूनच लिहायला हवं.

'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 मध्ये दिलं. नावाचा अर्थ भूक नसणं, आणि तिथेच घोटाळा आहे. भूक असते, भरपूर असते. तिच्यावर मात करणं हाच दिवसभराचा उद्योग होऊन बसतो. भरमसाट खायचं आणि मग उलटी किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी ते काढून टाकायचं, या चक्राला 1979 मध्ये जेराल्ड रसेल यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' म्हटलं. ताबा सुटल्यासारखं खाणं आणि त्यानंतरची घोर शरम, पण उलटी नाही, हा 'बिंज ईटिंग'चा विकार. त्याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळाली ती 2013 मध्ये. तिन्ही विकार मुलग्यांनाही होतात. जिम आणि प्रोटीन पावडरच्या आडोशाला ते आणखी उशिरा उघडकीला येतात.

हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्याकडे असलं काही नसतं, असं आपण बराच काळ मानत आलो. बेंगळुरूच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. प्रभा चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या 66 मानसोपचारतज्ज्ञांना याबद्दल विचारलं. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दोन तृतीयांश तज्ज्ञांनी खाण्याच्या विकाराचा निदान एक तरी रुग्ण पाहिलेला होता. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचलेल्यांचीच ही गोष्ट आहे. बहुतेक मुली आधी दुसऱ्याच दारांत जातात. पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, उलट्या होतात म्हणून पोटाच्या डॉक्टरकडे, केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरकडे. 1990 च्या दशकात भारतातल्या आणि हाँगकाँगच्या तज्ज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. त्यांच्याकडे आलेल्या अनेक मुली 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं म्हणतच नव्हत्या. पोट जड वाटतं, घास उतरत नाही, असं म्हणत होत्या. आपल्या घरांत तर याला आणखी एक सोय आहे, उपासाची. संकष्टी, एकादशी, मंगळवार, नवरात्र. उपास करणाऱ्या मुलीचं कौतुक होतं आणि आजार त्या कौतुकाच्या पदराआड बसून राहतो. उपास वाईट आहेत असं मुळीच म्हणायचं नाही. पण पूर्वी कधीच न करणारी मुलगी एकाएकी आठवड्यात तीन उपास धरू लागली, तर श्रद्धेच्या जोडीला आणखीही काही पाहायला हवं.

आता मुद्द्याकडे येऊ. बहुतेक आजारांत औषध घेतलं की रुग्णाला जी गोष्ट नको असते ती कमी होते. ताप उतरतो, दुखणं थांबतं. या आजारात उलटं आहे. रुग्णाला जगात सर्वांत जास्त ज्या गोष्टीची भीती वाटते, तीच गोष्ट औषध म्हणून दिली जाते. अ‍ॅनोरेक्सियात वजन परत येणं हा उपचाराचा दुष्परिणाम नसून तोच उपचार आहे. मंदावलेले हृदयाचे ठोके, ठिसूळ होत चाललेली हाडं, थांबलेली पाळी, आक्रसलेला मेंदू, यांतलं काहीही वजन परत आल्याशिवाय नीट सावरत नाही. हे डॉक्टरला माहीत असतं, आईला पटतं, मुलीलाही बुद्धीला कळतं. तरी सकाळी सलवारची नाडी बांधताना गाठ जरा अलीकडे बसली की सगळं कळलेलं वाहून जातं.

इथे एका जुन्या प्रयोगाची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे, कारण वजन परत येण्याविषयी इतकं तपशिलात दुसरीकडे फारसं कुठे नोंदलेलं नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती आणि त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं नोव्हेंबर 1944 मध्ये 36 तरुणांना घेऊन प्रयोग सुरू केला. हे तरुण युद्धविरोधी होते. बंदूक हाती घ्यायला त्यांनी नकार दिला होता आणि त्याऐवजी स्वतःचं शरीर देऊ केलं होतं. सगळे धडधाकट, मनानं खंबीर म्हणून पारखून घेतलेले. 24 आठवडे त्यांना त्यांच्या नेहमीच्या आहाराच्या निम्म्याच्या आसपास जेवण दिलं गेलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालणं सक्तीचं. वजनात पाव हिस्सा घट होईल असा बेत होता आणि तो साधला.

या तरुणांना आरशाची भीती नव्हती, सडपातळ व्हायची हौस नव्हती, फॅशनच्या मासिकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. इवलंसं जेवण तासन् तास चिवडत बसू लागले, ताटं चाटू लागले. विनोद आटले, मैत्री आटली, चिडचिड वाढली. हातपाय गार पडले, ठोके मंदावले. सर्वांत विलक्षण गोष्ट ही की हाडांचे सापळे झालेल्या या मुलांना आपण फार बारीक झालोय असं वाटत नव्हतं; रस्त्यानं जाणारी बाकीची माणसंच फार जाड दिसू लागली होती. आज जे वागणं पाहून आपण 'हट्टी आहे, नाटकं करते' म्हणतो, त्यातलं कितीतरी निव्वळ उपासमारीनं घडतं, हे या प्रयोगानं दाखवून दिलं.

मग त्यांना पुन्हा खायला घालायला सुरुवात झाली. उपासमार संपली म्हणजे सुटलो, असं सगळ्यांना वाटलं होतं. काहींसाठी हाच काळ सर्वांत कठीण ठरला. 2003-04 मध्ये, म्हणजे जवळजवळ 60 वर्षांनी, हयात असलेल्या 18 जणांशी संशोधक बोलले, तेव्हाही त्यांनी या काळाबद्दल हेच सांगितलं. पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी भूक जाईना. थोडं थोडं वाढवत नेलेलं जेवण पुरेना. शरीर भरून यायला नेहमीपेक्षा बरंच जास्त अन्न लागतं, असं कीज यांना मान्य करावं लागलं. एकाला अतिखाण्यामुळे इस्पितळात न्यावं लागलं. भुकेला 'आता पुरे' हे पुन्हा कळायला कोणाला दोन महिने लागले, कोणाला दोन वर्षं.

आणि वजन? ते परत आलं आणि थांबलं नाही. सरासरीनं प्रयोगाआधीच्या वजनाच्या सुमारे 10 टक्के वर गेलं. चरबी आधी आली, स्नायू मागून. पुढच्या काही महिन्यांत, कोणी काही न करता, ते हळूहळू उतरत मूळ वजनाच्या जवळ येऊन ठेपलं. ज्या शरीरानं दुष्काळ पाहिला आहे, ते पाऊस पडल्यावर आधी कणगी भरून घेतं. पाऊस नेमानं पडतोय असा भरवसा बसला की मग साठवण सैल करतं. उपचाराच्या मध्यावर घाबरून जी पुन्हा जेवण कमी करते, ती शरीराला नेमका उलटा निरोप देते: दुष्काळ परत आला, धर घट्ट.

वाढीचा क्रम माहीत असेल तर निम्मी भीती जाते, म्हणून तोही सांगते. पहिल्या आठवड्यांतली वाढ बरीचशी पाण्याची असते. यकृतात आणि स्नायूंत साखर साठू लागते आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या बंद केल्यावर पाय आणि चेहरा सुजतो, कारण इतके दिवस पाणी गमावत आलेलं शरीर ते अजून धरून ठेवत असतं. दोन-तीन आठवड्यांत ही सूज ओसरते. उलट्या थांबवल्यावर गालांखालच्या लाळेच्या ग्रंथी काही काळ फुगतात. ती मुलगी आरशात पाहते आणि 'माझा चेहरा सुटला' म्हणते. चेहऱ्यावर चरबी आलेली नसते, सुजलेल्या ग्रंथी असतात. पोट फुगतं कारण महिनोन् महिने निजलेलं जठर सावकाश रिकामं होतं. अर्धी इडलीसुद्धा तासभर वर बसल्यासारखी वाटते. हेही नियमित जेवणानंच सुधारतं. रात्री घाम येतो, अंग तापतं. शरीराची चूल पुन्हा पेटल्याची ती खूण.

त्यानंतर येतं पोट आणि कंबर, आणि इथे बहुतेकींचा धीर सुटतो. प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासांत हे नीट दिसलं आहे. वजन नुकतंच परत आलेलं असताना चरबी हातापायांपेक्षा धडावर जास्त जमते. आतड्यांना, मूत्रपिंडांना आधी पांघरूण. वजन टिकवून ठेवलं तर साधारण वर्षभरात ती पुन्हा सगळ्या अंगावर सारखी पसरते. वर्ष हा मोठा काळ आहे, आणि ते टिकवून ठेवणंच अवघड असतं. तरी ही अवस्था आहे, कायमचा आकार नव्हे, हे माहीत असणं उपयोगी पडतं.

पण खोटा दिलासा देऊन चालणार नाही. प्रत्येकीचं वजन शेवटी तिच्या मनातल्या आकड्यावर येईलच असं नाही. आजार सोळाव्या वर्षी जडला आणि चोविसाव्या वर्षी बरं व्हायला सुरुवात झाली, तर सोळाव्या वर्षाचं शरीर परत मिळत नसतं; चोवीस वर्षांच्या बाईचं मिळतं. तिनं ते कधी पाहिलेलंच नसतं. त्या हरवलेल्या शरीरासाठी रडू येणं स्वाभाविक आहे आणि उपचारात त्या रडण्याला जागा ठेवावी लागते. काहींचं वजन तर आजारातही कधी 'कमी' नव्हतंच. आधी जास्त वजन असलेली मुलगी उपाशी राहून 'बरोबर' वजनावर येते, सगळे टाळ्या वाजवतात आणि तिचं हृदय मात्र इतर कुठल्याही उपाशी माणसासारखंच दमलेलं असतं. तिला वजन वाढवायला सांगणं घरच्यांना पटत नाही, अनेकदा डॉक्टरलाही नाही.

याच अ‍ॅन्सेल कीज यांनी 1972 मध्ये एका जुन्या गणिताला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं हे सूत्र बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ केटले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. कीज यांनी ते लोकसमूहांच्या तुलनेसाठी उचललं होतं. आज ते बेंगळुरूतल्या आयटी कंपन्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत प्रत्येकाच्या कागदावर छापून येतं. भारतीयांना मधुमेहाचा धोका लवकर असतो, म्हणून 2009 मध्ये आपल्या तज्ज्ञांनी जास्त वजनाची रेघ 25 वरून 23 वर आणली. मधुमेहाच्या दृष्टीनं ते योग्यच. पण वर्षभर झगडून 23.4 वर आलेल्या, पाळी परत आलेल्या, पुन्हा हसू लागलेल्या मुलीच्या कागदावर लाल अक्षरांत 'ओव्हरवेट' येतं तेव्हा त्या रेघेला तिचा इतिहास माहीत नसतो. हा आकडा एकेका माणसाबद्दल किती कमी सांगतो, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं. त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा दोघांचाही इंडेक्स 22.3, शरीरातली चरबी मात्र एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1. बरं होत असलेल्या मुलीनं असा अहवाल आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावा. एचआरच्या 'स्टेप चॅलेंज'मध्ये, म्हणजे पावलं मोजण्याच्या स्पर्धेत, भाग न घेण्याचा हक्कही तिला आहे.

घरच्यांनी काय करायचं? बेंगळुरूतल्या मराठी मुलींपैकी कितीतरी सांगली, बेळगाव, नागपूर, सोलापूर सोडून पीजीत राहायला आलेल्या असतात. त्यांच्या ताटाकडे पाहणारं जवळ कोणी नसतं. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात एक पद्धत आकाराला आली. आजार लहान वयात असेल तर जेवणाची सूत्रं काही काळ आईवडिलांकडे द्यायची: काय, किती, केव्हा, हे मुलीनं ठरवायचं नाही, तिनं आजाराशी भांडायचं आणि शेजारी कोणीतरी बसलेलं असायचं. आपल्याला हे नवं नाही. आजारी माणसाजवळ बसून खायला घालणं आपल्याला येतं. महिना-दोन महिने आईनं बेंगळुरूला जाऊन राहावं, किंवा मुलीनं रजा घेऊन घरी यावं. फक्त फार दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपेट खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. सुरुवात डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त तपासतच व्हायला हवी.

बोलण्याचं म्हणाल, तर आपल्या भाषेत दोन्ही बाजूंचे सुरे आहेत. 'किती वाळलीस', 'छान सुटलीस', 'बाळसं धरलंस', 'अंगानं भरलीस'. या आजारात 'तब्येत सुधारली' हेसुद्धा 'जाड झालीस' असंच ऐकू येतं. म्हणून शरीराबद्दल काहीच बोलू नये. 'आवाज बरा वाटतोय तुझा', 'परवा किती दिवसांनी हसलीस', हे चालेल. त्याहून बरं म्हणजे सिनेमाबद्दल, मांजराबद्दल, बॉसबद्दल बोलावं. तिच्यासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नयेत, मग ते पोट कितीही आपलंच असलं तरी.

वजनकाटा घरातून हद्दपार करावा. वजन दवाखान्यात, ठरलेल्या दिवशी, हवं तर काट्याकडे पाठ करून घ्यावं. जुने कपडे कपाटात ठेवू नयेत. आपले जुने शिंपी ब्लाऊज शिवताना आतल्या शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेवत, कारण बाईचं अंग वर्षानुवर्षं बदलणारच, हे ते धरूनच चालत. अंग त्या कापडापुरतं भरलं तर शिवण उसवायची. बाईत काही चुकलं असं कोणी म्हणत नसे. कमरेला टोचणारी जीन्स रोज सकाळी अपमान करत असेल, तर मापाचे दोन नवे सैल कुडते हा उपचाराचाच खर्च समजावा.

उपचाराचा खर्च मोठा असतो आणि काळही, बहुधा वर्षांत मोजायचा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यावं लागतं. पॉलिसी घेतलेली असेल तर दावा करायला संकोचू नका. बेंगळुरूत असाल तर होसूर रस्त्यावरचं निम्हान्स आहे. कुठेही असाल तर 'टेली-मानस' आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली ही केंद्र सरकारची फोनवरची मोफत सेवा आहे आणि निम्हान्स तिचं शीर्षस्थ केंद्र. नंबर 14416. चोवीस तास, मराठीतही. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, उलटीत रक्त दिसत असेल तर फोनची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा. आणि वजन वाढतंय म्हणून उपचार सोडावेसे वाटत असतील, तर सोडण्याआधी हेच वाक्य, जसंच्या तसं, आपल्या डॉक्टरला सांगा. त्यांनी ते पुष्कळदा ऐकलेलं असतं.